रिकाम्या मशीनचा वैरी : ख्रिस्तोफर स्ट्रेची

फर्स्ट इयरला सी च्या प्रॅक्टिकलमध्ये टर्बो सी च्या त्या निळ्या स्क्रीनवर एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड हा एरर ज्याला कधीच आला नाही, असा माणूस आपल्या होस्टेलमध्ये सापडणं कठीण आहे. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे असं काहीतरी लिहिलं की ज्याला मेमरीत स्वतःची जागाच नाही, की कंपायलर हे ऐकवतो. एल म्हणजे लेफ्ट आणि आर म्हणजे राइट, एवढं आपल्याला सांगितलं जातं आणि आपण पुढच्या एररकडे वळतो. पण हे शब्द कुणीतरी पहिल्यांदा रूढ केले असतील ना? ते केले ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या एका इंग्रज माणसानं.

मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं त्याचं कारण मात्र हा एरर नाही. यंदा सेमिनारसाठी मी डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन हा विषय घेतला. म्हणजे लॅबमधल्या प्रत्येक टेबलावर अख्खा पीसी ठेवण्याऐवजी सगळ्यांचे डेस्कटॉप एका सर्व्हरवर चालवायचे आणि टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि एक डब्याएवढं यंत्र ठेवायचं, ज्याला थिन क्लायंट म्हणतात. वीज वाचते म्हणून युनिव्हर्सिट्यांमध्ये याची चर्चा असते. ही कल्पना आली कुठून हे शोधत मागे मागे जात राहिले, तर १९५९ सालच्या एका पेपरपाशी येऊन थांबले. आणि पेपरपेक्षा तो लिहिणारा माणूसच जास्त इंटरेस्टिंग निघाला! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत मध्येच इंग्रजी शब्द घुसले तर संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं. आणि स्ट्रेचीला मी सगळीकडे तो असंच म्हणणार आहे. सचिनला आपण तो म्हणतो ना, तसं.

ख्रिस्तोफरचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ चा, लंडनमधला. घराणं असं की आपल्याला दडपण यावं. लेखक लिटन स्ट्रेची त्याचा सख्खा काका. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हे तर चक्क आपल्या लाइनमधले, बंगाल इंजिनिअर्समध्ये होते. गंगेच्या कालव्यावर त्यांनी काम केलं, पुढे हिंदुस्थान सरकारच्या पीडब्ल्यूडीत मोठ्या पदावर गेले, मानससरोवरापर्यंत जाऊन आले. १८७६ ते १८७८ च्या ज्या दुष्काळात आपलं दख्खन होरपळलं, त्यानंतर नेमलेल्या फॅमिन कमिशनचे अध्यक्षही तेच. मुलगा ऑलिव्हर, म्हणजे ख्रिस्तोफरचे वडील, काही वर्षं ईस्ट इंडियन रेल्वेत होते. ते सोडून पहिल्या महायुद्धात ते शत्रूचे गुप्त संदेश फोडायच्या खात्यात गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच काम त्यांनी ब्लेचली पार्कला केलं. आई रे स्ट्रेची गणित शिकलेली, स्त्रियांच्या मतदानाच्या चळवळीतली मोठी कार्यकर्ती. लग्नाआधी तिनं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचेही वर्ग केले होते. आमच्या क्लासमध्ये आज मुली कमी नाहीत, पण १९१० च्या सुमाराला ही बाई तिथे एकटीच बसत असेल असं मनात आलं आणि मला तिच्याविषयीच लिहावंसं वाटायला लागलं. असो, तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवते.

अशा घरातला मुलगा म्हणजे टॉपर असणार असं वाटतं. तसं काही नव्हतं. ग्रेशम्स स्कूल संपवून १९३५ साली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेला. गणित घेतलं, मग फिजिक्सकडे वळला. कोडी, खेळ, संगीत, गप्पा यात तो रमायचा आणि अभ्यास मागे पडायचा. तिसऱ्या वर्षी त्याची तब्येत मनाच्या बाजूनं पूर्ण ढासळली. नर्व्हस ब्रेकडाऊन. मधे खंड पडला. परत येऊन परीक्षा दिली तेव्हा हातात पडला लोअर सेकंड, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात जेमतेम सेकंड क्लास. रिसर्चचं दार तिथेच बंद झालं. याच किंग्ज कॉलेजमध्ये त्या काळात ॲलन ट्युरिंग फेलो होता आणि दोघांची ओळख होती. पण कॉम्प्युटर नावाची वस्तू तेव्हा कागदावरच होती, त्यामुळे त्या ओळखीचं पुढे काय होणार हे दोघांनाही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

१९३९ साली तो स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत लागला. युद्ध सुरू झालं आणि काम आलं रडारसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हच्या डिझाइनचं. त्यातली समीकरणं हातानं सुटेनात, म्हणून डिफरन्शियल ॲनलायझर हे गिअर आणि दांड्यांचं गणिती यंत्र त्याला वापरावं लागलं. यंत्राकडून गणित करून घेता येतं याची गोडी त्याला तिथे लागली. तरीही युद्ध संपल्यावर तो गेला कुठे? शाळेत शिकवायला! आधी कँटरबरीच्या सेंट एडमंड्स स्कूलमध्ये आणि १९४९ पासून हॅरो स्कूलमध्ये. हॅरो म्हणजे पंडित नेहरू १९०५ ते १९०७ या काळात जिथे शिकले तीच शाळा. तिथे तो गणित आणि फिजिक्स शिकवायचा. वय चौतीस, डिग्री साधी, नावावर एकही शोध नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला आलेल्या कंपनीनं त्याचा बायोडेटा पहिल्याच राउंडला बाजूला ठेवला असता.

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्रानं त्याला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या माइक वुजर यांची ओळख करून दिली. तिथे ट्युरिंगच्या डिझाइनवरून पायलट एस हा कॉम्प्युटर चालू झाला होता. स्ट्रेचीनं तो एक दिवस पाहिला आणि शाळेत परत येऊन शिकवता शिकवता त्या मशीनला ड्राफ्ट्स खेळायला लावायचा प्रोग्राम लिहायला बसला. ड्राफ्ट्स म्हणजे आपण चेकर्स म्हणतो तो खेळ. ३० जुलै १९५१ ला प्रोग्राम मशीनवर चढवला, पण मेमरी पुरेना. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत फेरांटी कंपनीचं नवं मशीन आलं आहे आणि त्याची मेमरी बरीच मोठी आहे असं कळल्यावर त्यानं थेट ट्युरिंगला पत्र टाकून मॅन्युअल मागवलं.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात भारी वाटतं. स्ट्रेची मँचेस्टरला गेला तेव्हा ट्युरिंगनं त्याला एक काम सुचवलं : असा प्रोग्राम लिही की ज्यात हे मशीन स्वतःचीच नक्कल करेल. म्हणजे दुसरा एखादा प्रोग्राम एकेक इन्स्ट्रक्शननं चालवून बघायचा आणि प्रत्येक पायरीला काय झालं ते छापायचं, डीबगिंगसाठी. शाळामास्तरनं सुट्टीत बसून जवळजवळ हजार इन्स्ट्रक्शनचा प्रोग्राम लिहिला. त्या मशीनवर तोवर कुणी एवढा मोठा प्रोग्राम लिहिला नव्हता. त्याला रात्रीची वेळ दिली गेली. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्यांदा मोठा कोड चालवलाय त्यांना माहीत आहे की पहिल्या रात्रीत काय चालतं आणि काय नाही. सकाळपर्यंत त्याचा प्रोग्राम चालत होता, आणि शेवटी मशीनच्या भोंग्यावर इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजवून थांबत होता!

मशीननं मशीनच्या आत मशीन चालवायचं, ही व्हर्च्युअलायझेशनची मूळ युक्ती आहे. आज एका सर्व्हरवर पन्नास विंडोज चालतात आणि प्रत्येकीला वाटतं की अख्खं हार्डवेअर माझंच आहे, त्यामागे हीच युक्ती आहे. फरक इतकाच की स्ट्रेचीची नक्कल प्रत्येक इन्स्ट्रक्शन स्वतः वाचून करायची, म्हणून ती फार हळू चालायची. आजचे हायपरव्हायजर बहुतेक इन्स्ट्रक्शन सरळ प्रोसेसरला चालवू देतात आणि जिथे धोका असतो तिथेच मध्ये पडतात.

ते मशीन खात किती होतं हेही सांगते, कारण माझ्या सेमिनारचा विषयच तो आहे. सुमारे चार हजार व्हॉल्व्ह आणि पंचवीस किलोवॅटच्या आसपास वीज. आपल्या कँटीनचे सगळे ट्यूबलाइट, पंखे आणि फ्रिज लावले तरी एवढं होणार नाही. आणि गंमत म्हणजे मशीनवर बसलेला माणूस विचार करत डोकं खाजवत असला तरी हे पंचवीस किलोवॅट चालूच. व्हॉल्व्ह थंड-गरम झाले की बिघडतात, त्यामुळे बंद करायचीही सोय नाही. ही गोष्ट स्ट्रेचीच्या डोक्यात कुठेतरी राहिली असावी असा माझा अंदाज आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा ड्राफ्ट्सचा प्रोग्राम बऱ्यापैकी खेळायला लागला. पट स्क्रीनवर दिसायचा, आणि माणसानं चाल करायला उशीर केला किंवा नियम मोडला की मशीन वैतागून मेसेज छापायचं. त्याच वर्षी त्यानं प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्राम केला. विशेषणांची यादी, नामांची यादी, क्रियापदांची यादी, दोन ठरलेले वाक्यांचे साचे, आणि कुठला शब्द घ्यायचा हे मशीनमधल्या रँडम नंबरवरून ठरणार. खाली सही एम. यू. सी., म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. बॉइज होस्टेलमधल्या काही जणांच्या व्हॅलेंटाइन डे च्या मेसेजपेक्षा ती पत्रं बरी होती असं माझं प्रामाणिक मत आहे. पण आतला मुद्दा गमतीचा नाही. इतक्या साध्या नियमांतून माणसाला भावना असल्याचा भास होतो, हे त्याला दाखवायचं होतं आणि १९५४ च्या एका लेखात त्यानं हे सगळं समजावूनही सांगितलं.

जून १९५२ मध्ये शाळा सुटली. नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे प्रमुख लॉर्ड हॉल्सबरी यांनी त्याला बोलावून घेतलं. लोअर सेकंडवाल्या मास्तरला पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा आवडीचं काम मिळालं. पहिली मोठी कामगिरी कॅनडात. टोरोंटो युनिव्हर्सिटीनं मँचेस्टरसारखंच मशीन घेतलं होतं, त्यावर सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची गणितं करायची होती. नदीत बांध घातला की वरच्या बाजूला पाणी किती चढेल, ही. आजोबांनी गंगेवर जे गणित कागदावर केलं असेल तसलंच गणित नातवानं व्हॉल्व्हवर केलं. नंतर पेगॅसस या फेरांटीच्या मशीनची रचना त्यानं ठरवली. १९५६ ला आलेलं हे मशीन प्रोग्राम लिहिणाऱ्याला सोपं जावं अशा विचारानं केलेलं होतं. आधी हार्डवेअर करा आणि मग प्रोग्रामर बघून घेईल, अशी त्या काळची पद्धत होती. स्ट्रेची उलट बाजूनं आला होता, कारण तो स्वतःच आधी प्रोग्रामर होता.

आता १९५९. तेव्हाची परिस्थिती डोळ्यासमोर आणा. मोठं कॉम्प्युटर म्हणजे एका इमारतीएवढा खर्च. आपल्या मुंबईत टीआयएफआरला सीडीसी ३६०० हे मोठं मशीन आलं ते १९६४ साली, आणि बाहेरच्या संस्थांचे लोक आपली कामं तिथे घेऊन यायचे. इतकं महाग मशीन रिकामं बसू नये म्हणून प्रोग्रामरला त्याच्या जवळ फिरकूच द्यायचं नाही असा नियम झाला. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर एक दिवस गेला. मशीनचा वेळ वाचला, माणसाचा गेला. उलट प्रोग्रामरला मशीनसमोर बसवावं, तर तो विचार करतो आणि मशीन त्याचं तोंड बघत बसतं.

स्ट्रेचीनं विचारलं की हे दोनातलं एकच का? मशीन इतकं फास्ट झालंय की माणूस विचार करतो त्या वेळात ते दुसऱ्याचं काम करू शकेल. एक मोठा प्रोग्राम मागे चालू राहील, कन्सोलवर एक प्रोग्रामर डीबगिंग करत बसेल, मेंटेनन्सचा इंजिनिअरही त्याच वेळी त्याच्या तपासण्या करेल. प्रिंटर, टेप ही हळू चालणारी यंत्रंसुद्धा मशीनला थांबवून ठेवणार नाहीत. यासाठी काय लागेल हेही त्यानं मांडलं : कोणाची पाळी कधी हे ठरवणारा, कायम मशीनमध्ये राहणारा एक प्रोग्राम, मध्येच काम थांबवता येईल अशी इंटरप्टची सोय, आणि एकाच्या प्रोग्रामनं दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवू नये म्हणून कुंपण. आपल्या ओएस च्या सिलॅबसचं पहिलं युनिट झालं की हे! फेब्रुवारी १९५९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि जूनमध्ये पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत पेपर वाचला. नाव होतं टाइम शेअरिंग इन लार्ज फास्ट कॉम्प्युटर्स.

इथे एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. टाइम शेअरिंग म्हणजे पुष्कळ लोक आपापल्या टर्मिनलवर एकाच वेळी एका मशीनशी बोलताहेत, हा जो अर्थ आपण शिकतो तो जॉन मॅकार्थी यांचा. त्यांनीही १९५९ च्या सुरुवातीलाच एमआयटीत तो मांडला होता, आणि तिथेच फर्नांडो कोर्बातो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये चालवून दाखवला. स्ट्रेचीच्या डोक्यात इतके लोक नव्हते. त्यामुळे तोच एकटा जनक असं म्हणणाऱ्या पुस्तकांशी मी सहमत नाही. पण रिकाम्या वेळेचा हिशेब मांडण्यात तो कुणाच्याही मागे नव्हता. याच रस्त्यावर पुढे मँचेस्टरच्या ॲटलसनं १९६२ ला व्हर्च्युअल मेमरी आणली आणि अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या लोकांनी १९६७ ला सीपी-४० वर प्रत्येक माणसाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन दिलं.

मग पीसी आले आणि हिशेब उलटा झाला. मशीन स्वस्त, म्हणून प्रत्येकाला एक. आपल्याच लॅबमध्ये टास्क मॅनेजर उघडून बघा. जर्नलमध्ये फ्लोचार्ट काढणं चालू असतं आणि प्रोसेसर दोन-तीन टक्क्यांवर पेंगत असतो. स्ट्रेची ज्या रिकाम्या वेळेवर चिडायचा तो आता साठ टेबलांवर वाटला गेलाय. आणि रिकामं मशीन फुकट बसत नाही. २००७ साली गुगलच्या बारोसो आणि होल्झले या दोघांनी दाखवून दिलं होतं की त्या काळचा चांगला सर्व्हरसुद्धा काहीच काम नसताना पूर्ण लोडच्या निम्मी वीज घेतो.

आता माझा हिशेब. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, मीटरवरचे नाहीत. एका लॅबमध्ये ६० पीसी, मॉनिटर सोडून प्रत्येकी ८० वॅट, म्हणजे ४,८०० वॅट. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर १२,००० युनिट. त्याऐवजी १० वॅटचे ६० थिन क्लायंट आणि ४०० वॅटचे दोन सर्व्हर : एकूण १,४०० वॅट, वर्षाला ३,५०० युनिट. ८,५०० युनिट वाचले, शिवाय एसीवरचा भार कमी. वाचून आमच्या ग्रुपमधले सगळे खूश झाले. पण मग नवा पीसी धरून बघितलं. आजचा चांगला छोटा पीसी रिकामा असताना २५ वॅटमध्ये भागवतो असं धरलं तर ६० पीसीचे १,५०० वॅट, म्हणजे वर्षाला ३,७५० युनिट. वाचले फक्त २५०! म्हणजे नुसतं व्हर्च्युअलायझेशन म्हटलं की वीज वाचली असं होत नाही. जुने खादाड पीसी काढताय की नवे, रात्री एक सर्व्हर बंद करून सगळं काम दुसऱ्यावर हलवताय की दोन्ही चालू ठेवताय, यावर सगळं आहे. जुन्याच पीसीला थिन क्लायंट म्हणून वापरलं तर मशीन विकत घ्यायचा खर्च वाचतो, पण वीज फारशी वाचत नाही.

दुसऱ्याही अडचणी आहेत. सकाळी नऊच्या प्रॅक्टिकलला साठ जण एकदम लॉगिन करतात तेव्हा सगळे डेस्कटॉप एकाच डिस्कवर तुटून पडतात, याला बूट स्टॉर्म म्हणतात. कॅडसारखं ग्राफिक्सचं काम असेल तर सर्व्हरला महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि एक पीसी बंद पडला तर एकाचं सबमिशन बुडतं, सर्व्हर बसला तर अख्ख्या बॅचचं. फायद्याची बाजू म्हणजे मेमरी. साठ जणांची विंडोज सारखीच असते, त्यामुळे मेमरीतली तीच ती पानं हायपरव्हायजर एकदाच ठेवून सगळ्यांना वाटू शकतो. माझं मत असं की आपल्या कॉलेजात प्रोग्रामिंगच्या लॅबला हे चालेल, मेकॅनिकलच्या कॅड लॅबला नको. आणि आधी सगळ्या पीसींना पंधरा मिनिटांत स्लीप मोडमध्ये जायला लावा. त्याला एक पैसा लागत नाही.

पुन्हा स्ट्रेचीकडे येते. १९५९ सालीच त्यानं नोकरी सोडली आणि लंडनच्या घरातून कन्सल्टंट म्हणून काम सुरू केलं. हा व्यवसाय तेव्हा जवळजवळ नव्हताच. हाताखाली पीटर लँडिन हा तरुण गणिती घेतला, आणि गंमत अशी की कंपन्यांच्या कामातून आलेल्या पैशावर हा तरुण प्रोग्रामिंग भाषांचा थिअरीचा अभ्यास करत होता. आपल्याकडे असा बॉस मिळेल का?

१९६२ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी त्याला केंब्रिजला बोलावलं, ज्या युनिव्हर्सिटीनं त्याला लोअर सेकंड दिला होता तिथेच. तिथे लंडन युनिव्हर्सिटीच्या लोकांबरोबर सीपीएल ही भाषा तयार व्हायला लागली. नावाचं अधिकृत रूप कम्बाइन्ड प्रोग्रामिंग लँग्वेज, पण लोक थट्टेनं ख्रिस्तोफर्स प्रोग्रामिंग लँग्वेज म्हणायचे. एल-व्हॅल्यू आणि आर-व्हॅल्यू यातूनच आले. भाषा इतकी मोठी झाली की ती कधी पूर्ण चाललीच नाही. मार्टिन रिचर्ड्स यांनी तिची साधी सुटसुटीत आवृत्ती केली, बीसीपीएल. तिच्यावरून केन थॉम्प्सन यांनी बी केली आणि बी वरून डेनिस रिची यांनी सी. म्हणजे आपली फर्स्ट इयरची केटी कुठून आली ते समजलं!

स्ट्रेचीला आतून खात होता तो वेगळाच प्रश्न. प्रोग्राम चालतो हे दिसतं, पण त्याचा अर्थ काय हे गणितात कसं लिहायचं? ए बरोबर ए अधिक एक, हे शाळेतल्या गणितात सरळ खोटं आहे. मग सी मध्ये ते खरं कसं? १९६५ साली तो ऑक्सफर्डला गेला आणि तिथे प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप सुरू केला. थिअरीवाल्यांना प्रोग्राम लिहिता येत नाहीत आणि प्रोग्राम लिहिणारे थिअरीकडे बघत नाहीत याचा त्याला मनापासून राग होता. १९६७ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला त्यानं जी लेक्चर्स दिली त्यात करिंग, पॉलिमॉर्फिझमचे प्रकार, अशा कितीतरी कल्पनांना नावं मिळाली. १९६९ च्या शरद ऋतूत अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट ऑक्सफर्डला आले. त्या काही आठवड्यांत दोघांनी मिळून प्रोग्रामच्या अर्थाची गणिती पद्धत उभी केली, जिला आज डिनोटेशनल सिमँटिक्स म्हणतात. स्ट्रेचीकडे कल्पना होती, तिच्याखाली पक्का पाया नव्हता. तो स्कॉट यांनी घातला. १९७१ साली तो ऑक्सफर्डचा कॉम्प्युटेशनचा पहिला प्रोफेसर झाला. पीएचडी नव्हती.

याच काळात जो स्टॉय यांच्याबरोबर त्यानं ओएस६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. आणि ही होती एका वेळी एकाच माणसासाठी! मशीन वाटून घ्यायला सांगणाऱ्याची शेवटची सिस्टिम एकट्याची. पुढे झेरॉक्सच्या ऑल्टो या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं ओएस६ मधल्या बऱ्याच कल्पना उचलल्या, आणि ऑल्टोवरून आपल्या डेस्कटॉपची वाट निघाली. म्हणजे टेबलावर अख्खा पीसी की लांबचा सामाईक सर्व्हर, या भांडणात दोन्हीकडे त्याचा हात आहे.

त्याचा मोठा दोष म्हणजे तो पेपर छापायचाच नाही. लेख पुरता मनासारखा होईपर्यंत हातातून सोडायचा नाही, आणि मनासारखा तो कधी व्हायचाच नाही. कोपनहेगनच्या नोट्स झेरॉक्स काढून काढून जगभर फिरत राहिल्या, आपल्याकडे सीनियरच्या नोट्स फिरतात तशा. शेवटी रॉबर्ट मिल्न या विद्यार्थ्याबरोबर त्यानं केंब्रिजच्या ॲडम्स प्राइझसाठी एक भला मोठा निबंध हातात घेतला आणि झपाटल्यासारखं काम केलं. निबंध गेला, आणि त्याचं पुस्तक करायचं काम सुरू असताना तो आजारी पडला. आधी साधी कावीळ वाटली. मग थोडा बरा झाला, पण आजार उलटला. तो संसर्गाचा हिपॅटायटिस होता. १८ मे १९७५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो गेला.

पुस्तक मिल्ननं एकट्यानं पुरं केलं आणि १९७६ मध्ये ते दोघांच्या नावानं निघालं. कोपनहेगनची लेक्चर्स एका जर्नलनं रीतसर छापली ती २००० साली, म्हणजे दिल्यानंतर तेहतीस वर्षांनी. आणि १९५१ मध्ये बीबीसीनं मँचेस्टरच्या त्या मशीनचं संगीत एका तबकडीवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं, ते न्यूझीलंडच्या दोघा संशोधकांनी २०१६ साली साफ करून मूळ सुरात आणलं. त्यात आधी राष्ट्रगीत आहे, मग एक बालगीत, मग एक नाचाची धून. ती धून मध्येच तुटते, मशीन बंद पडतं, आणि आजूबाजूला उभे असलेले लोक हसताना ऐकू येतात.